लखलखीत बाटल्या

आमच्या गल्लीतलं पाणी असं होतं, की डाससुद्धा त्यावर बसण्याआधी बिडी विझवायचा. खोटं वाटत असेल तर डासाला विचारा. कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी कित्येक वर्षं ठिबकत होती, आणि ते पेट्रोल खालून सरकत सरकत शेजारच्या लाँड्रीच्या बोअरमध्ये उतरलं होतं. बोअरला कुलूप लागलं. विकतच्या पाण्यावर लाँड्री कशीबशी तग धरून होती. बोअर उघडली नाही, तर उद्यापरवा लाँड्रीच्याही दाराला कुलूप लागणार, हे उघड होतं.

पाणी सुधारायला पेट्रोल कंपनीनं जो माणूस पाठवला, तो निघाला लाँड्रीवालीचाच जावई. त्यानं बोअरभोवती नळ्या ठोकल्या आणि त्यांतून औषध सोडलं. पेट्रोलला जमिनीतल्या जमिनीत खाऊन टाकणारं रसायन.

"जाळ नाही, धूर नाही," तो सासऱ्यांना सांगत होता, "पण हे एका परीनं जाळणंच."

सासरे बॉयलर सांभाळायचे. उभा जन्म वाफेत गेल्यामुळे माणूस शिजून मऊ झालेला. म्हणाले, "मग थोडं आमच्या हिच्या जिभेवर सोडा की."

"ऐकू येतं हं मला," सासूबाई आतून गरजल्या.

नमुने घ्यायच्या आदल्या संध्याकाळी जावयानं सासरच्या जेवणाच्या टेबलावर तपकिरी बाटल्या मांडल्या आणि प्रत्येकीत चिमूट चिमूट पांढरी पूड टाकली. विटॅमिन सी, दुसरं काही नाही. पाण्याबरोबर उरलंसुरलं औषधही बाटलीत येतं आणि वाटेतसुद्धा पेट्रोल खात बसतं. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत घाण पाणी साळसूद होऊन जातं. पूड त्या औषधाचं तोंड बंद करते. हे त्यानं सासऱ्यांना समजावलं. सासूबाई तेव्हा खाली एका गिऱ्हाइकाशी कॉलरच्या डागावरून भांडत होत्या.

सकाळी त्यानं बाटल्या भरल्या, बुचं आवळली, पाठवून दिल्या. उत्तर आलं: पेट्रोलचा मागमूस नाही.

सासूबाईंनी कुलपाची किल्ली मागितली.

"आई, आणखी एकदा तपासू. पाणी कधी कधी उलटतं, दबलेलं पेट्रोल परत येतं."

"तपासा की, जावईबापू. तोवर आम्ही काय लोकांच्या कपड्यांवर थुंकून इस्त्री करायची?"

सासरे हसले. जावईही हसला आणि त्यानं किल्ली दिली.

बोअर सुरू झाली तेव्हा पाण्याला किंचित वास होता. "औषधाचा असेल," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या दारात झाडू मारायला गेल्या. पंप जसा पाणी ओढू लागला, तसं आजूबाजूचं पेट्रोलही ओढलं गेलं. बॉयलरच्या खोलीत त्याच पाण्याची उघडी टाकी, तिच्याशेजारी बर्नर. सासऱ्यांनी नेहमीप्रमाणे काडी ओढली.

इथे मला एखादी थाप मारता आली असती, की म्हातारा वाफेवर बसून छपरातून उडाला आणि ढगांना इस्त्री करत बसला. पण तसं झालं नाही. खोलीचं दार बाहेर पडलं, आणि आत जे उरलं ते चादरीत गुंडाळून नेलं. चादर गिऱ्हाइकाची होती. कुणी परत मागायला आलं नाही.

चौथ्या दिवशी जावई आपल्या खोक्यापाशी बसला होता. नमुना घेताना न लागलेल्या बाटल्या त्यात शिल्लक होत्या. त्यानं एक उघडून हातावर उपडी केली. काहीच पडलं नाही. दुसरी उपडी केली. मग तिसरी.

"आई," त्यानं हळूच विचारलं, "यांना कुणी हात लावला होता?"

"मीच," सासूबाई म्हणाल्या. रडून रडून आवाज बसला होता. "नमुन्याच्या दिवशी पहाटेच धुऊन ठेवल्या. बुडाशी कसली तरी भुकटी चिकटली होती हो. एवढा मोठा तपास, आणि आमच्या घरून मळक्या बाटल्या जायच्या? यांनीच पाणी ओतलं, मी ब्रश फिरवला."

"बाबांनी पाणी ओतलं?"

"म्हणत होते, राहू दे, राहू दे, त्यांनी मुद्दाम काहीतरी घातलंय. मी म्हटलं, घाण मुद्दाम कोण घालतं?"

जावयानं बुचं परत लावली.

"पाणी का हो उलटलं, जावईबापू?"

त्यानं खोकं बंद केलं.

"ती घाणच होती, आई. औषध थांबवायची पूड घालायला मी विसरलो," तो म्हणाला. कंपनीतही त्यानं हेच सांगितलं, आणि त्याची नोकरी गेली.

आता बॉयलर नाही. जावई विकतच्या पाण्यावर इस्त्री करतो आणि सासूबाई समोर बसून त्याच्या घड्यांना नावं ठेवतात. "साधी पूड घालायची आठवण राहिली नाही," त्या म्हणतात, "घडी काय लक्षात राहणार!"

तो मान डोलावतो आणि कॉलर उलटी करतो.