सारखे दिसणारे कागद

नर्सिंगच्या शाळेत बाईंइतकं जीव लावून शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे बाईंनाही चांगलं ठाऊक होतं. औषधाच्या मात्रेची गणितं म्हटली की निम्म्या मुलींच्या तोंडचं पाणी पळायचं. बाईंनी त्यावर तोड काढली होती. हुशार, मध्यम आणि कच्च्या मुलींसाठी त्या तीन वेगवेगळे कागद काढत. मथळा तोच, प्रश्नही तितकेच. आतली गणितं मात्र जिला जेवढी झेपतील तेवढीच. कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून कागद वेगळे आहेत याचा त्या मुलींना पत्ताही लागू देत नसत.

भिंगरी कच्च्यांत होती. पायाला चाकं लावल्यासारखी पळायची म्हणून तिला हे नाव पडलेलं. रुग्ण तिच्यावर खूश असायचे, पण अपूर्णांक दिसला की तिला रडू फुटायचं. बाईंना तिची दया आली. मोठ्यांच्या बाटलीतून तान्ह्या बाळापुरतं औषध काढायचं गणित त्यांनी तिच्या कागदावर कधी घातलंच नाही. पुढे घालू, पुढे घालू म्हणता म्हणता वर्ष सरलं. सोपं करून पोरीला वर चढवायचं असतं. बाईंनी सोपं केलं आणि तिथेच बसवून ठेवलं. भिंगरीला पैकीच्या पैकी मिळत राहिले. परीक्षेत तो प्रश्न पर्यायी होता, तिने तो सोडून दुसरा घेतला आणि ती चांगल्या मार्कांनी पास झाली. निकालाच्या दिवशी तिने बाईंना घट्ट मिठी मारली होती.

नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. लहान मुलांच्या वॉर्डात तिने मोठ्यांच्या बाटलीतून काढताना एका बाळाला दहापट औषध दिलं. बाळ गेलं.

चौकशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत झाली. डॉक्टर, मेट्रन आणि शिकवणाऱ्या म्हणून बाई. भिंगरी खुर्ची असूनही उभीच होती. त्या दुपारी वॉर्डात ती एकटीच होती, असं मेट्रनने खालच्या आवाजात सांगितलं, पण त्या गोष्टीत कुणालाच खोल शिरायचं नव्हतं. हे गणित तुला शिकवलं नव्हतं का, असं डॉक्टरांनी भिंगरीला विचारलं.

"शिकवलं असणारच," ती म्हणाली. "बाईंनी सगळ्यांना सारखंच शिकवलं. माझंच डोकं कमी पडलं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. बाईंचं काम खरं तर तिथेच संपलं होतं. गप्प बसल्या असत्या तर त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता. पण पोर सगळं खापर स्वतःवर फोडून घेत होती आणि बाईंना ते बघवेना. आपण खरं बोललो तर निदान तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असं त्यांना वाटलं.

"हिचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "हे गणित मी हिला कधी दिलंच नाही. हिचा कागद वेगळा असायचा. सोपा."

बाळ गेल्यापासून भिंगरीचे डोळे खळले नव्हते. आता ती रडायची थांबली. ती चिडली असती तर बाईंना परवडलं असतं.

"आणि माझे ते मार्क?" तिने विचारलं.

"त्या सोप्या कागदांवरचे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मला जमणार नाही, हे तुम्ही तेव्हाच ठरवलं होतं," भिंगरी म्हणाली. "मग मला वॉर्डात कशाला पाठवलंत, बाई?"