इंदूबाईंची झोप

डायलिसिस सुरू झाल्यापासून इंदूबाईंचे पाय अंथरुणात ठरत नव्हते. पाठ टेकली की पोटऱ्यांत मुंग्या धावायच्या, मग त्या उठून घरभर येरझाऱ्या घालायच्या. डॉक्टरांना मात्र सांगायच्या, "झोप छान लागते."

आज सून संघप्रिया मध्येच बोलली, "डॉक्टर, आई झोपतच नाहीत."

परतताना रिक्षात इंदूबाई चिडल्या. "कशाला सांगितलंस? उपचार लागू पडत नाही म्हणून मशीन बंद केलं तर?"

"आई, पायांसाठी गोळी दिलीय त्यांनी. मशीन चालूच राहणार."

इंदूबाईंचे पाय हलतच होते, पण मीरा रोड येईपर्यंत त्यांची मान संघप्रियाच्या खांद्यावर कलंडली.

"बिल्डिंग आ गई, उतरो," रिक्षावाला म्हणाला.

"भैया, धीरे बोलो," संघप्रिया कुजबुजली. "एक चक्कर और मारो."