आत्याचा मान

मैत्रेयीने शेवंतीची माळ बेबी कॉटच्या कठड्याला गुंडाळली आणि गाठ इतकी आवळली की दोरा तुटून अर्धी फुलं लाद्यांवर पडली. तिने ती वेचली, दुसरा दोरा घेतला आणि या वेळी हात जरा आवरून बांधलं. पाळण्याच्या जागी ही चाकांची लाकडी कॉट होती. पुढेमागे ढकलली की झुलते असं म्हणता येतं, एवढ्यावर आईने समाधान मानलं होतं.

सोफ्यावर बाळाला घेऊन बसलेल्या अनुयाने, तिच्या भावजयीने, गेला आठवडाभर एकच धोशा लावला होता. आजही तोच. नाव काय ठेवणार ते आता तरी सांगा, मी कुणाला म्हणून कळू देणार नाही, मला एकटीला सांगा.

“आधी बाळाच्या कानात,” मैत्रेयी म्हणाली. “मग तुझ्या.”

अनुया हसली. तिला या सगळ्याची गंमत वाटत होती. स्वयंपाकघरातून आईनेही सुनेला दटावलं, की आत्याचा मान आहे तो, तासाभराने कळणारच आहे, एवढी घाई कसली.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, हे खरंच. पण मैत्रेयीला असल्या मानापानाचं कधी काही पडलेलं नव्हतं. त्रेचाळीस वर्षांत तिने हळदीकुंकवं चुकवली, डोहाळजेवणं चुकवली, सख्ख्या भावाच्या लग्नात करवली म्हणून मिरवायला नको म्हणाली आणि आईचं तोंड चार दिवस फुगलं. अशी ही बाई, पण अनुयाला पाचवा महिना लागला आणि मुलगी आहे असं इथल्या, सिंगापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी तिने भावाला, राजसला, स्वतःहून फोन केला. नाव मी ठेवणार, तो माझा हक्क आहे, आणि बारशापर्यंत कुणाला सांगणार नाही, असं ठणकावून सांगितलं. राजस खूश झाला. घे की ताई, तुझ्याशिवाय दुसरी आत्या आहे कुठे तिला, म्हणाला. बावळट! आपण कशाला हो म्हणतोय याची त्याला कल्पनाही नव्हती.

तिला सूड घ्यायचा होता. दुसरा सभ्य शब्द तिने शोधलाही नव्हता.

बारा वर्षांपूर्वी राजस नोकरीसाठी सिंगापूरला आला, तेव्हा सुरुवातीचे काही महिने तो बहिणीकडेच राहिला. मैत्रेयीचा तो भाड्याचा फ्लॅट आंग मो किओमध्ये होता, आणि तिच्याबरोबर तिथे अनिता राहायची. अनिता रेयेस, फिलिपिन्सची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. लोकांना त्या रूममेट म्हणून सांगायच्या. घरात त्या एकमेकींच्या होत्या.

दोघींची ओळख झाली ती नावावरून. तोआ पायोहच्या एका हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, दुपारच्या गर्दीत एकाच टेबलावर बसायची वेळ आली, आणि समोरच्या बाईच्या बिल्ल्यावर अनिता वाचून मैत्रेयीने तिला चक्क विचारलं, इंडियन का? ती हसली, आणि समोरच्या नूडल्स गार होईपर्यंत तिने आपल्या नावाची सगळी कुळकथा सांगितली. आजी आना, म्हणून नात अनिता. स्पॅनिशमध्ये नावाला असं शेपूट लावलं की माणूस लहान होतं आणि लाडकंही होतं. स्पॅनिश लोक तिचा देश सोडून गेले त्याला शंभरावर वर्षं झाली, नावं मात्र घराघरात राहिली. तिच्या एका गल्लीत तीन अनिता होत्या, म्हणून तिला विहिरीजवळची अनिता म्हणायचे. मैत्रेयीने सांगितलं, आमच्या पुण्याच्या शाळेत तीन बाईंचं नाव अनिता होतं, त्यांना आम्ही विषयावरून ओळखायचो. ते नाव आमच्याकडे कुठल्या वाटेने आलं हे बाई विचारू नकोस, मला माहीत नाही, पण आम्हाला ते कधी परकं वाटलं नाही.

चार वर्षं अशी गेली. मग राजस राहायला आला, आणि काही महिन्यांत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि मैत्रेयी तीन आठवड्यांसाठी पुण्याला गेली. तिथून परत निघायच्या आदल्या दिवशी फोनवर अनिताचा निरोप आला: तुझं लग्न ठरल्याचं तुझ्या भावाने सांगितलं, तू स्वतः सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं, मी मध्ये येणार नाही, सुखी राहा. मैत्रेयीने तो निरोप चार वेळा वाचला. लग्न? कुणाचं, कुणाशी? तिने फोन लावला तर नंबर बंद. ती परत आली तेव्हा अनिताचं कपाट रिकामं होतं आणि बाथरूममधला तिचा ब्रशसुद्धा गेला होता. हॉस्पिटलमध्ये विचारलं, तर नोकरी सोडून कुठल्याशा दुसऱ्या देशात गेली एवढंच कळलं.

मग तिने शोध घेतला. फेसबुकवर अनिता रेयेस शेकड्यांनी निघाल्या. त्यांत नर्स असलेल्याच कितीतरी, मनिलातल्या, दुबईतल्या, कॅनडातल्या. मैत्रेयी ऑफिसला जाता-येता एमआरटी ट्रेनमध्ये बसून एकेकीचा चेहरा उघडायची आणि बंद करायची. दोन वर्षं हे चाललं. एवढं लाडकं नाव, ते इतक्या जणींना वाटून टाकलेलं, की तिला हवी ती त्यांत सापडलीच नाही.

राजसला तिने कधी जाब विचारला नाही. विचारायचं तर अनिता आपली कोण होती हे आधी सांगावं लागलं असतं, आणि सहा वर्षांनी लहान असलेल्या भावासमोर ते बोलायची तिची छाती झाली नाही. राजसनेही त्या विषयावर कधी अवाक्षर काढलं नाही. दरवर्षी भाऊबीजेला यायचा, ओवाळून घ्यायचा, श्रीखंड दोनदा मागून घ्यायचा. मैत्रेयी त्याच्या कपाळाला कुंकू लावताना मनात म्हणायची, सगळं ओळखून केलंस तू, घराण्याची अब्रू राखलीस, आणि आता तोंड मिटून बसलायस. सलत असेल तर सलू दे.

मुलगी होणार म्हटल्यावर तिला रस्ता दिसला. शाळेत सोडताना, ताप आल्यावर, अभ्यासाला बसवताना, दिवसातून पन्नास वेळा त्याला हे नाव घ्यावं लागेल. प्रत्येक वेळी ते घशात अडकेल, आणि का अडकलं हे बायकोलाही सांगता येणार नाही. जन्मभर. असं काही सुचलं याचा तिला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

अनुयाची तयारीही तिने पद्धतशीर केली. अनुयाकडे साठ नावांची एक्सेल शीट होती, इरा, कियारा, अन्वी असली. मैत्रेयी वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत डेटाचंच काम करते. तिने एका रविवारी भावजयीला नावांचे आलेख काढून दाखवले, की ही बघ वर चाललेली नावं, पाच वर्षांनी एकेका वर्गात तीन-तीन असतील, त्यापेक्षा उतरलेलं, लोक विसरलेलं नाव घ्यावं. अनुयाला पटलं. जुनं चालेल, ती म्हणाली, फक्त इथल्या चिनी आणि मलाय टीचरना नीट म्हणता यायला हवं. मैत्रेयीला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. या दोन अटींत बसणारं नाव तिच्याकडे बारा वर्षं तयार होतं. जन्माची नोंद बेचाळीस दिवसांत करावी लागते, ती बारसं झाल्यावर सोमवारी करायची असंही ठरलं. एकदा कागदावर चढलं की चढलं.

साडेअकराला पाहुणे आले. पाहुणे म्हणजे अनुयाच्या ऑफिसमधल्या दोन मैत्रिणी आणि शेजारची भावना, तिच्या आठ वर्षांच्या इराला घेऊन. आईने कॉटच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या केल्या. आधी गुंडाळलेल्या नारळाला, मग बाळाला कॉटच्या वरून आणि खालून एकीकडून दुसरीकडे देणं झालं. खालून देताना भावनाची कंबर धरली, त्यावर बायका हसल्या. राजस समोर मोबाइल धरून सगळं टिपत होता. नव्या कुडत्यात तो अजून पंचविशीतला दिसत होता, आणि ते बघून मैत्रेयीचं डोकं जास्तच तापलं.

बाळाला कॉटमध्ये ठेवलं. मैत्रेयी वाकली. दुधाचा आणि पावडरीचा वास आला. तिने मान थोडी तिरकी ठेवली, म्हणजे राजसचा चेहरा दिसेल. कुर्रर्र केलं, आणि मग बाळाच्या कानात ते नाव उच्चारलं. तिचाच आवाज तिला ओळखू येईना. बारा वर्षांत तिने ते मोठ्याने एकदाही घेतलं नव्हतं. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले, त्यातला आईचा चांगला सणसणीत होता.

“अगं, आता आम्हाला सांग की.”

मैत्रेयी सरळ उभी राहिली आणि भावाकडे बघून म्हणाली, “अनिता.”

मग आई म्हणाली की हे तर आमच्या वेळचं नाव झालं, आमच्या गल्लीत चार अनिता होत्या, पण गोड आहे हो. अनुयाने ते दोनदा हळू म्हणून बघितलं आणि तिचे डोळे भरून आले, असंच साधं हवं होतं म्हणाली. छोट्या इराने नाक मुरडलं.

“माय स्कूल-बस आंटी ऑल्सो अनिता, लाह.”

सगळे हसले. राजससुद्धा. त्याच्या हातातला मोबाइल जरासुद्धा हलला नव्हता.

“वा, ताई!” तो म्हणाला. “एकदम आवडलं.”

मैत्रेयी त्याच्याकडे बघत राहिली. नाटकी आहे मेला, तिला वाटलं. चारचौघांत तोंड सांभाळतोय.

घुगऱ्या वाटायला ती स्वयंपाकघरात गेली, तसा राजसही मागोमाग आला. त्याला वाट्या न्यायच्या होत्या. मैत्रेयीने दार लोटून घेतलं. इतकी वर्षं थांबल्यावर त्याचं तोंड उतरलेलं बघितल्याशिवाय ती त्याला सोडणार नव्हती.

“आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहायची, ती आठवते तुला?”

राजसने चार हरभरे तोंडात टाकले आणि कपाळाला आठ्या घातल्या. खोटं बोलताना लहानपणापासून त्याचे कान लाल व्हायचे. मैत्रेयीने कानांकडे बघितलं. काही नव्हतं.

“फिलिपिनो ना? हॉस्पिटलमध्ये होती. मासे तळायची, घरभर वास.” तो हसला. “चांगली होती गं. मला एकदा ताप आला तर रात्रभर बसली होती. काय बरं तिचं नाव... मारिया.”

मैत्रेयीने हातातला डाव पातेल्यात ठेवला.

“माझं लग्न ठरलंय असं तू तिला सांगितलंस.”

“मी?” तो थांबला, आणि त्याला आठवलं. “हां, म्हणालो असेन. आई तेव्हा रोज तेच म्हणायची ना, माझं ऑपरेशन झालं की मैत्रेयीचं उरकायचं. आणि खरं सांगू का, हॉलमध्ये झोपून पाठ मोडली होती माझी. म्हटलं, ही दुसरीकडे जागा बघेल, तर तिची खोली मला मिळेल. मिळालीच की नंतर.” त्याने वाट्या ट्रेमध्ये लावायला घेतल्या. “का गं? वाईट वाटलं होतं का तिला?”

खोली. एका खोलीसाठी! त्याने काही ओळखलं नव्हतं, त्याला कसली अब्रू राखायची नव्हती. बारा भाऊबिजा तिने ज्याच्यावर मनातल्या मनात दात धरला तो माणूस नुसता पाठ दुखते म्हणून बोलला होता आणि नवी चादर घालून झोपी गेला होता. अजूनही वेळ गेली नव्हती. तिचं नाव मारिया नव्हतं, एवढंच म्हणायचं. पुढचं त्याचं त्याला कळलं असतं, आणि हवं होतं तसं ते नाव जन्मभर त्याच्या घशात अडकलं असतं, लाडकं म्हणून कधी निघालं नसतं.

राजसने ट्रे उचलला. “मारियाच ना?”

“हो,” मैत्रेयी म्हणाली. “मारियाच.”

“बघ. सगळं आठवतं मला.”

पायाने दार ढकलून तो बाहेर गेला. मैत्रेयीने डाव उचलला आणि उरलेल्या घुगऱ्या आईच्या डब्यात भरायला सुरुवात केली. चार हरभरे ओट्यावर सांडले. तेवढ्यात बाहेर बाळ रडायला लागलं, कुणीतरी राजसच्या हातातून ट्रे काढून घेतला, आणि बाळाला उचलून घेताना त्याने हाक मारली, लांबवून, अगदी मायेने, “अनिता... ए अनिता...”

आंग मो किओमधली ती ‘ओ’ देऊन आत येईल असं वाटून मैत्रेयीने चटकन वळून दाराकडे बघितलं.