नाव न घेता

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धागा सुटेल.

एक पाळक आहे, म्हणजे चर्चचा पास्टर. पस्तिशीचा, माणूस सोन्यासारखा, पण पोटात काही म्हणजे काही राहत नाही. उपासना कुठे, तर सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. खाली पंप मारला की वर उपदेशात फुस्स-फुस्स! तिथे एक ताई आठवडाभर शिवणकाम करते आणि रविवारी कीबोर्ड वाजवते.

एका मंगळवारी ही ताई पाळकाकडे आली. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाली, "हे परत प्यायले. आठ महिन्यांनी, एकदाच. कुणाला सांगू नका, फक्त प्रार्थना करा."

"ताई, तोंडाला कुलूप."

कुलूप टिकलं किती? एक दिवस! बुधवारी चर्चच्या पुढाऱ्यांची प्रार्थना असते. सहा जण गोल बसतात, प्रत्येकानं एक विषय सांगायचा, मग डोळे मिटायचे. ह्याची पाळी आली. आणि त्याला खरंच वाटलं रे, एका तोंडापेक्षा सहा तोंडांनी मागितलेलं बरं. म्हणाला, "नाव घेत नाही. एका बहिणीच्या घरी सुटलेली बाटली परत आलीय."

नाव घेत नाही म्हणे! मंडळी चाळीस माणसांची. त्यात बाटली सुटलेलं घर एकच. ताईच्या नवऱ्यानं सगळ्यांपुढे उभं राहून दारू सोडल्याची साक्ष दिली होती, सगळे रडले होते. आणि त्या सहा जणांत होते फर्निचरवाले काका. त्यांच्याच कारखान्यात तो नवरा करवतीवर कामाला!

काकांनी सगळ्यात मोठ्यानं आमेन म्हटलं आणि गुरुवारी सकाळी त्याला कामावरून काढलं.

पाळक धावत कारखान्यात. चपला भुशानं भरल्या. "काका, हे काय केलंत?"

"पास्टर, करवत आहे ती. उद्या हात गेला तर?"

"मग पॉलिशला तरी ठेवा!"

"पॉलिशला स्पिरिट असतं," काका म्हणाले. हसत नव्हते हं. "आणि मला सांगितलं कुणी? तुम्हीच ना?"

घरी पाळकाच्या बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, "तुमच्यात चहाडी करायची असली की आधी डोळे मिटतात."

ताईच्या नवऱ्याला कळायला कितीसा वेळ? घरातली गोष्ट बायकोनंच बाहेर नेली. भांडला नाही. शुक्रवारी बॅग भरली, निघून गेला. फोन बंद.

शनिवारी पाळक ताईच्या दारात. ती गणवेशांना काजं करत होती.

"ताई, चुकलो. उद्या सगळ्यांसमोर माफी मागतो."

मशीन थांबलं. "माफी कशाची, म्हणून सांगणार?"

सांगायचं तर तिचंच घर परत चव्हाट्यावर. सहाचे चाळीस होणार.

"तुम्ही मोकळे व्हाल. मला मात्र ह्याच गल्लीत राहायचंय." तिनं दातानं दोरा तोडला. "एवढंच करा. माझ्यासाठी आता प्रार्थना करू नका."

आणि त्या बिचाऱ्याला येत होतं ते तेवढंच एक काम!

रविवारी कीबोर्डवर कापड तसंच. गाताना प्रत्येकाचा सूर वेगळा. मग विषय विचारले, तर काका उठले. "पास्टर, आपली ताई आज नाही. तिच्यासाठी मागा."

चाळीस जणांनी डोळे मिटले. मागावं, तर तिचं एवढं एक सांगणंही मोडतं. नाही म्हणावं, तर सगळे विचारणार, का? त्यानं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. खाली पंप, फुस्स-फुस्स. लोक थांबलेले. शेवटी काकांनीच सुरू केलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, बाटलीसकट सगळं. पाळक काकांपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. हात पुढे केला असता तर काका थांबले असते, पण नाही केला. काका संपले आणि सवयीनं ह्याच्याच तोंडून निघालं, "आमेन."

ताई परत आली नाही. नवराही नाही. हा अजून बुधवारी गोलात बसतो, पाळी आली की नुसती मान हलवतो.

आता तू सांग. काका चांगल्या मनानंच मागत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. तू असतास, तर त्यांचं तोंड धरलं असतंस?