कुंभाराच्या पोरीच्या पोटातला गुंता

जरा डोळ्यांपुढे आणा पाहू. गावाबाहेर ओढा, ओढ्याकाठी कुंभाराचं घर, अंगणात ओल्या मातीचा ढीग आणि ढिगाशेजारी उकिडवी बसलेली सात वर्षांची पोर. भाजलेलं प्रत्येक मडकं टिचकी मारून बघायची, म्हणून तिचं नावच पडलं टिचकी.

कुंभाराची एक रीत होती. नवी माती आली की चिमूटभर दातांखाली धरायची. करकर लागली तर वाळू फार, लोण्यासारखी पसरली तर माती झकास. मग थुंकून चूळ भरायची. टिचकीनं बापाची रीत उचलली, पण अर्धीच. थुंका, पाणी आणा, चूळ भरा, एवढा वेळ कोणाला? ती गिळून मोकळी! आणि माती यायची त्याच ओढ्याकाठची, जिथं सकाळी अर्धं गाव टमरेल घेऊन जायचं.

मातीबरोबर जंतांची अंडी पोटात गेली. जंत वाढले, पोर वाळली. हातपाय काड्या, पोट मडकं. एके दिवशी पोटात अशी कळ आली की टिचकी गडबडा लोळली. ओकारी हिरवी, आणि दोन दिवस परसाकडेही नाही.

"एरंडेल पाज, तोफ उडेल बघ," शेजारची म्हातारी म्हणाली.

"मोरी तुंबल्यावर वरून घागर ओततात का, मावशी?" आई म्हणाली आणि नवऱ्याला तिनं पोरीसकट दवाखान्यात पिटाळलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, फोटो काढला. "आतड्यात जंतांचा गुंता झालाय, सुतळीच्या गुंडाळीसारखा. वाट बंद आहे." नाकात नळी, हातात सलाईन. "पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. गुंता सैल झाला तर वारा सरेल. उद्या सकाळपर्यंत नाही सरला, तर पोट उघडावं लागेल."

घरात कोणी पादलं की लाटणं उगारणारा कुंभार आता खाटेला कान लावून बसला.

"आलं का गं काही?"

"नाही."

"लाजू नकोस हं."

"बाबा, हळू बोला ना! सगळे ऐकतायत."

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. पोट दाबलं, कालच्यापेक्षा मऊ लागलं. त्या विचारात पडल्या, आणि तेवढ्यात जुनं धोतर फाटावं तसा लांबलचक आवाज आला.

सगळ्या खाटांवरच्या माना वळल्या.

"कोण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टिचकीचं बोट बापाकडे वळलं. "बाबा."

"मी? शपथ घेऊन सांगतो, मी नाही! कालपासून पोटात कण नाही माझ्या, वारा कुठून आणू?"

"त्यांचाच असतो नेहमी," टिचकी म्हणाली.

"अगं कार्टे, जन्मभर तुझी पापं डोक्यावर घेईन, पण आज नाही!"

पलीकडच्या खाटेवरची आजी तोंडात चादर कोंबून हसत होती. डॉक्टरीणबाई टिचकीजवळ टेकल्या.

"हे बघ बाळ. बाबांचा असेल, तर मला तुझं पोट उघडावं लागेल. तुझा असेल, तर वाट मोकळी झाली. मग जंतांना औषध देऊन खालच्या खाली हाकलू. आता खरं सांग."

टिचकीनं आजीकडे पाहिलं. बापाकडे पाहिलं, त्याचे डोळे भरले होते. मग तिनं सलाईनचा हात सावकाश वर केला.

"माझा," ती म्हणाली, आणि कोणाला शंका राहू नये म्हणून आणखी एक सोडला.