तीन टिंबांखाली पंप

"गेलं का?" खालून काएआनं ओरडून विचारलं.

"फिरतंय," टाकीच्या माथ्यावरून बाउरो म्हणाला.

"सकाळपासून फिरतंय! एवढ्यात बोट राजधानीला, तारावाला, जाऊन परत आली असती."

सव्वीस वर्षं ज्या बाईशी संसार केला तिला कुठल्या प्रश्नाचं उत्तर देऊ नये, एवढं त्याला कळत होतं. गावाच्या पाण्याच्या टाकीवर उकिडवा बसून तो फोन आभाळाकडे धरून होता. तेबाना बेटावर सिग्नल यायचा तो या टाकीवरच, आणि तोही स्वतःच्या मर्जीनं. टाकी मात्र रिकामी होती. पंपातली रबराची चकती फाटून नऊ दिवस झाले होते. जुन्या विहिरींचं पाणी एवढं खारट की त्यात मासा उकळला तर मीठ घालावं लागत नव्हतं. दवाखान्यात पोटं बिघडलेली सात पोरं निजली होती, त्यात बाउरोची चार महिन्यांची नातही होती.

नवी चकती राजधानीच्या गोदामात होती. बोट शुक्रवारी दुपारी निघणार होती आणि त्यापुढची सात आठवड्यांनी. आज मंगळवार. राजधानीतलं सरकारी पुरवठा खातं तोंडी मागणी घेत नसे. ईमेल पाहिजे, आणि तुटलेल्या भागाचा फोटो पाहिजे. हा नियम करणाऱ्याच्या नळाला उभ्या जन्मात खारं पाणी आलं नसणार.

बाउरो अकरा वर्षं बेटाचा पाणी-मिस्त्री होता. पंपाचा आवाज ऐकून त्याला दुखणं कळायचं. पण ईमेल हे यंत्र निराळं. ते बिघडलं की आवाजच करत नाही, नुसतं गोल फिरतं. त्यानं तीन फोटो जोडले होते. ते जडपणानं दारातच अडकले, आणि त्यांच्यामागे, याच फोनवरून जाणारे, दवाखान्याचा एक मेल आणि शाळेचे दोन अडकले. पुढचं डुक्कर दारात बसलं की मागचा सगळा कळप उन्हात, तशी गत. बरं, अडकलेला मेल पुसावा तर ॲप म्हणतं, पाठवणं चालू आहे, पुसता येणार नाही. पाठव म्हटलं तर जात नाही, राहू दे म्हटलं तर थांबत नाही. हे ॲप बनवणाऱ्यांना पगार मिळतो म्हणे.

"अहो, ते विमान करा ना!" काएआ ओरडली.

"करतोय!"

विमानाचं चित्र दाबलं की फोन जगापासून तुटतो, पाठवण्याचा नाद सोडतो आणि मग मेल पुसू देतो. ही युक्ती बाउरोला कुणी शिकवली नव्हती, रागाच्या भरात दिसेल ते दाबताना सापडली होती. बेटाच्या वरून, न उतरता, विमान आठवड्यातून दोनदा उडायचं, बाउरोच्या फोनमध्ये दिवसातून दहादा.

त्यानं मेल पुसला. मग फोटो स्क्रीनवर उघडून त्या स्क्रीनचाच फोटो काढला. चकती तीच, फाट तीच, वजन पाव. असले तीन हलके फोटो जोडले. विमान बंद केलं, हात वर केला.

"गेलं!"

खाली डबे घेऊन बसलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. काएआ म्हणाली, "उतरा आता. तिथं घरटं करू नका."

फोटोंचं ओझं हलकं झालं होतं, मजकुराचं नव्हतं. मजकूर सभाघरात ठरला होता. गावाच्या वतीनं बाहेर काही मागायचं तर ते सभाघरात, म्हाताऱ्यांच्या समोर, नाकीबाए आजोबांच्या तोंडून निघणार, ही रीत. आजोबांचं वय ब्याऐंशी. बिनतारी यंत्राच्या काळापासून बेटाचा शब्द तेच सांगत आले होते. बाउरोनं नुसता अंगठा चालवायचा.

आणि काय शब्द होता तो! आधी तेबानाच्या वडीलधाऱ्यांकडून खात्याच्या वडीलधाऱ्यांना नमस्कार. मग मातांकडून मातांना. मग दोन्ही चर्चच्या मंडळींकडून. मग दोन्हीकडच्या पूर्वजांची आठवण, एकोणीसशे सत्तावन्नच्या दुष्काळात राजधानीनं पाठवलेल्या तांदळाचे आभार, मग आरोग्य, शांती, समृद्धी. या सगळ्याच्या शेवटी, पाहुणा उठता उठता सहज सांगतो तशी, एक ओळ: आमचा पंप जरा आजारी आहे.

"आजोबा, जरा नाही," बाउरो तेव्हा म्हणाला होता. "मेलाय."

"मेलाय असं म्हणत नाहीत. देणाऱ्याच्या जिवाला घोर लागतो."

मेलच्या वर विषय लिहायची जागा असते. तिथे आजोबांनी सांगितलं होतं: तेबाना बेटाकडून, प्रेमपूर्वक.

बुधवारी उत्तर आलं. बाउरो फोन घेऊन धावत सभाघरात गेला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं. "आपल्या शुभेच्छा पोचल्या. फार आनंद झाला. तुम्हा सर्वांनाही आरोग्य, शांती, समृद्धी. आपला, एरिताई, खात्याचा कारकून."

म्हातारे खूश झाले. नाकीबाए आजोबांनी मांडीवर थाप मारली. "बघा! चांगल्या घरचा आहे पोरगा."

"पण पंपाचं काय?"

"घाई काय आहे? ओळख झाली आता."

बाउरो तडक टाकीवर चढला आणि त्यानं खात्यात फोन लावला. फोन एरिताईनंच उचलला.

"अरे बाबा, पंपाचं वाचलंस का?"

"कसला पंप?"

"मेलमध्ये लिहिलंय!"

"नाही हो काका. छान नमस्कार होते. मी आईलासुद्धा वाचून दाखवले."

"तुला दिसतंय तरी काय? वाच जसंच्या तसं."

"थांबा. 'सर्वप्रथम तेबाना बेटावरील समस्त वडीलधाऱ्यांकडून आपल्या…' आणि पुढे तीन टिंबं."

"त्या तीन टिंबांच्या खाली पंप आहे!" बाउरो एवढ्या जोरात ओरडला की टाकीवरचे दोन पक्षी उडाले.

"खाली आहे हो, पण उरलेला संदेश उतरवा म्हणतंय. ऑफिसचा कंप्युटर वर्षभर बंद आहे, सगळं माझ्या फोनवर चालतं. बावीस बेटांचे नमस्कार उतरवत बसलो तर माझा डेटा महिन्याच्या चार तारखेला संपतो. मग मी घरी सिनेमा बघायचा कशावर?"

"बरं, आता तोंडानं सांगतोय. चकती पाठव."

"तोंडी चालत नाही. साहेब विचारतील मेल कुठाय, तर काय कान दाखवू? असं करा काका, वर विषयाच्या जागी एक ओळ लिहा. तेवढी दिसते मला. उद्यापर्यंत आलं तर शुक्रवारच्या बोटीत टाकतो. फोटो एकच द्या, हलका."

पोरगा वाईट नव्हता. वाईट होती ती अक्कल, जिनं माणसाचं बोलणं दोन ओळींवर कापायचं ठरवलं. समोर बसून मागितलं तर आमच्याकडे नाही म्हणता येत नाही, शरमेनं मान खाली जाते. फोनला मानच नाही.

गुरुवारी सकाळी सभाघर भरलं. बाउरो पाय दुमडून बसला आणि जेवढं नरमाईनं सांगता येईल तेवढं त्यानं सांगितलं. नमस्कार राहू दे, फक्त मागणी तेवढी वर घेऊ.

एक म्हातारा म्हणाला, "आधी पंप आणि मग पूर्वज?"

दुसरा म्हणाला, "पूर्वज पंपाच्या खाली?"

"खाली म्हणजे फोनमध्ये खाली हो!"

नाकीबाए आजोबांनी हात वर केला. "बाउरो, तू कुणाच्या घरी गेलास तर बसायच्या आधी त्याच्या भांड्यात हात घालतोस का रे?"

"नाही आजोबा."

"मग या एरिताईच्या घरात का घालायला लावतोस?"

"त्याला घर नाही आजोबा, दोन ओळी आहेत."

सभाघराच्या कडेला बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात त्यांनी पडायचं नसतं. काएआ पडली. "आजोबा, तुमचे नमस्कार लई गोड आहेत. उकळून नातीला पाजू का?"

बाउरोनं डोळे मिटले. एका बाईला हसू आलं, तिनं ते खोकल्यात दडवलं. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी मांडीवरचं वस्त्र नीट केलं. मग म्हणाले, "विचार करण्यासारखं आहे. रविवारी प्रार्थनेनंतर बसू."

रविवारी! बोट शुक्रवारी, आणि विचार रविवारी. सगळ्यांनी माना डोलावल्या, सभा उठली.

बाउरो दवाखान्यात गेला. नात झोपली होती, ओठ कोरडे. नर्स म्हणाली, "शहाळी संपत आली. मीठ-साखरेची पावडर कालवायला गोडं पाणी द्या हो मिस्त्री."

त्या दुपारी तो पुन्हा टाकीवर चढला. या वेळी खाली कुणी नव्हतं. विषयाच्या जागी त्यानं लिहिलं: पंपाची चकती फाटली, शुक्रवारच्या बोटीत टाक. खाली काहीच लिहिलं नाही. नमस्कार नाही, नाव नाही. एक हलका फोटो जोडला आणि पाठव दाबलं.

फोन थबकला. स्क्रीनवर अक्षरं आली: या संदेशात मजकूर नाही. तरीही पाठवायचा?

बाउरो बघतच राहिला. मेल पुसू न देणारा, कळप उन्हात उभा करणारा हा निलाजरा फोन, त्याला आज रीत सुचली होती! "तू मला शिकवतोस, भाड्या?" तो म्हणाला. पण अंगठा लगेच खाली येईना. कानशिलं तापली, आणि ती उन्हानं नव्हे. मग त्यानं 'हो' दाबलं. मेल एका क्षणात गेला. एकदाही गोल फिरलं नाही.

बोट आली. चकती वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. बाउरोनं ती बसवली, पंप दोनदा खाकरला आणि बोलू लागला. बायकांनी डबे वाजवले. काएआनं पहिला तांब्या दवाखान्यात नेला आणि जाताना नवऱ्याच्या पाठीत कौतुकानं गुद्दा घातला. आठवड्याभरात पोरं पुन्हा वाळूत लोळू लागली.

बाउरोला दंड होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं त्यासाठी डुक्कर बांधूनसुद्धा ठेवलं. पण सभाघरात कुणी विषयच काढला नाही. एरिताईनं मात्र सगळ्या बेटांना कळवलं की तेबानासारखं एका ओळीत लिहावं, हा उत्तम नमुना आहे. शाळेच्या मास्तरांनी ते छापून भिंतीला लावलं.

दीड महिन्यानं, पुढची बोट निघायच्या तोंडावर, दवाखान्याचा फ्रिज बंद पडला. नर्सनं सांगितलं तेव्हा बाउरो पंपाला तेल देत होता. तसाच टाकीवर चढला, एक ओळ लिहिली आणि उतरला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

परतताना सभाघराशी त्याची पावलं थांबली. आत नाकीबाए आजोबा आपल्या नेहमीच्या खांबापाशी बसले होते, एकटेच. अंघोळ केलेली, केसांना खोबरेल, कमरेला इस्त्रीचं वस्त्र. समोर बाउरोसाठी एक चटई अंथरलेली होती.

"ये," ते म्हणाले. "फ्रिजचं ऐकलं मी. सकाळपासून जुळवतोय. या वेळी थोडक्यात सांगतो. मातांचा नमस्कार आणि चर्चचा एकात घेतलाय."

बाउरो उंबऱ्याशी उभाच राहिला. तेलाचे हात त्यानं पाठीमागे नेले.

"गेलं आजोबा."

"काय गेलं?"

"मेल."

आजोबांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "बरं झालं," ते म्हणाले. "औषधं खराब झाली असती."

मग ते वाकले आणि समोरची चटई कडेपासून नीट, सावकाश गुंडाळू लागले.