चार नट-बोल्ट

“पान सव्वीस,” मी म्हटलं. “वाच. मोठ्यानं वाच.”

प्रसेनजितनं चहाचा कप खाली ठेवला. हा माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा. पुण्याला एका कंपनीत चित्रकथा काढतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला इंझोरीला आला, तो आपल्या पहिल्या पुस्तकाच्या पन्नास प्रती घेऊनच. पुस्तकाचं नाव ‘लोहमूठ’. संध्याकाळी पाचला आमच्या वाचनालयात त्याचं प्रकाशन होतं. या वाचनालयाची ग्रंथपाल मी, शिपाई मी आणि झाडणारीही मीच. सकाळपासून मी प्रतींवर शिक्के मारत होते. नवं पुस्तक वाचल्याशिवाय कपाटात ठेवायचं नाही ही माझी जुनी खोड, आणि तिथंच घोळ झाला.

“मीच तं लिवलं आत्या. वाचू काय त्यात?”

“लिवलं, पण वाचलं नाही तू.”

पहिल्या पानावर छापलं होतं : ‘माझ्या पौर्णिमा आत्याला.’ खोटं कशाला बोलू, ते पाहून मी रडले होते. सव्विसाव्या पानापर्यंत येता येता डोळे कोरडे झाले आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

गोष्ट माझीच होती. अकरा वर्षांपूर्वी गावातल्या शेषरावच्या थ्रेशरवर, मळणीच्या यंत्रावर, मी सोयाबीन टाकत होते. सोयाबीनच्या धुळीनं अंगाची खाज होते, म्हणून आमच्याकडे बाया लुगड्यावर पुरुषांचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. माझ्या अंगात दादाचा शर्ट होता. त्याच्या मनगटाची गुंडी तुटली होती. कवेत मावेल एवढी सोयाबीनची कवळ आत सरकवली, तिच्यासोबत बाही गेली आणि बाहीसोबत उजवा हात. इंजिन बंद करायचा दांडा वीस पावलांवर, ट्रॅक्टरवर होता. कोणी धावेपर्यंत सगळं झालं होतं.

प्रसेनजितच्या गोष्टीत मी नऊवारीतली म्हातारी नव्हते, चाळिशीतली बाईही नव्हते. सतरा वर्षांची, मोकळ्या केसांची पोरगी होते. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

“पान नऊ,” मी म्हटलं. “डोंगरातला शास्त्रज्ञ एका रात्रीत भंगारातून पोरीले लोखंडी हात करून देते. चाल, दिला. त्या हातानं ते ट्रॅक्टर उचलते. हात लोखंडाचा, कबूल. खांदा कायचा हाय?”

“खांदा तिचाच.”

“म्हणजे मांसाचा. मंग ट्रॅक्टर वर जाईन का खांदा उखडून खाली पडन? मी एका हातानं पाण्याची बकेट आणतो तं रातभर खांदा ठणकते.”

तो हसला. “आत्या, सुपरहिरोत एवढं लॉजिक पाह्यत नसते कोणी.”

“मी पाह्यतो. पान एकोणीस. त्या हाताची बॅटरी कधीच उतरत नाही. अन त्याच पानावर गावात लाइन नाही, सारे कंदील घेऊन फिरून राह्यले. अशी बॅटरी हाय तं त्या बुढ्या शास्त्रज्ञानं एक गावाले काहून नाही देली?”

“ते... वातावरणासाठी हाय आत्या. अंधार पाह्यजे ना.”

“हौ. अंधार आमचा अन उजेड तिचा. आता पान सव्वीस.”

सव्विसाव्या पानावर दुसरी एक बाई त्याच थ्रेशरवर काम करत असते. तिचा पदर ओढला जातो. लोहमूठ आभाळातून उडत येते, एका बुक्क्यात थ्रेशरचा चुरा करते आणि गाव टाळ्या वाजवतं. चित्र सुंदर होतं, उडालेल्या नट-बोल्टांची सावलीसुद्धा काढली होती.

“ज्या मशीननं तिचा हात खाल्ला, तेच मशीन,” मी म्हटलं. “तसंच उघडं. शास्त्रज्ञ गावात, लोहमूठ गावात, अन दुसरी बाई तिथंच उभी. आजार रेड्याले अन औषध पखालीले! त्या मशीनच्या तोंडाले झाकण लावाचं इतक्या हुशार मानसाच्या डोस्क्यात नाही आलं? नवा हात कराले शास्त्रज्ञ लागते. झाकणाले चार नट-बोल्ट लागते.”

“झाकण लावलं तं गोष्टच होत नाही ना, आत्या.”

तो हे भोळेपणानं बोलला, म्हणूनच ते जास्त लागलं. मी शिक्का खाली ठेवला.

“म्हणजे तुह्या गोष्टीसाठी माहा हात जाचाच लागत होता.”

त्याची मान खाली गेली. मला त्याची दया आली नाही. त्याच दिवशी, आम्ही बोलत होतो त्याच वेळी, शेषरावच्या खळ्यात तेच थ्रेशर चालू होतं. घरघर वाचनालयापर्यंत ऐकू येत होती. माझ्या जागेवर आता मजुरीला आलेली लिलाबाई उभी होती. आणि संध्याकाळी मला शाल देणारे प्रमुख पाहुणे शेषरावच होते.

“चाल,” मी म्हटलं. “तुले एक वस्तू दाखवतो.”

शेषरावच्या गोठ्यात म्हैस सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, खात होती. तिच्यापुढं गव्हाण म्हणून एक लांब पत्र्याची पन्हळ ठेवली होती. अर्धी वरून झाकलेली, अर्धी उघडी, आणि एका टोकाला चार भोकं.

“हे काय हाय?” प्रसेनजितनं विचारलं.

“थ्रेशरचं झाकण. कंपनी मशीनसंगच देते. यातून माल आत सरकवाचा, हात आतल्या दातांपर्यंत पोचतच नाही. पह्यल्याच वर्षी काढून ठेवलं यायनं. माहा हात गेला तवाही हे इथंच होतं, अन दवाखान्यातून आली तवाही म्हैस यातच खाऊन राह्यली होती.”

प्रसेनजित खाली बसला. पत्र्यावरचं शेण त्यानं बोटानं पुसलं. खाली एक चित्र होतं : दातेरी चाक, त्यात जाणारा हात, आणि त्यावर लाल फुली. कोण्या चित्रकारानं काढलेलं, अगदी साधं. तो किती तरी वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला.

चारच्या चहासाठी थ्रेशर थांबलं होतं. शेषराव गोठ्यात आले, मागून लिलाबाई आणि तिच्यासोबतच्या बाया.

“पौर्णिमाबाई, तुमी इथं? पाचले कार्यक्रम हाय ना?”

“हाय. तुमी मले शाल देणार हा. शाल राहू द्या भाऊ, हे झाकण द्या.”

शेषराव हसले. वाईट माणूस नाही. माझ्या दवाखान्याला त्यांनीच गाडी दिली होती. पण चांगल्या माणसानं असं हसण्यावारी नेलं की मला हसू येत नाही.

“झाकण लावलं का माल हळू जाते बाई. दोन दिवसाचं काम तीन दिवस चालते. अन बायायलेच नाही जमत ते, इचारा.”

“आमाले कोनी इचारलं भाऊ?” लिलाबाई म्हणाली. “मी तं याले गव्हाणच समजत होती.”

सगळ्या बाया माझ्या रिकाम्या बाहीकडे पाहत होत्या, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ती पदराखाली घेतली नाही.

“न्या,” शेषराव शेवटी म्हणाले. “पण काम लांबलं तं काढून ठेवीन.”

“काढाले आले का मले बलवा,” मी म्हटलं.

ट्रॅक्टरवाल्या हेमसिंगनं पेटीतून बोल्ट शोधून दिले आणि मशीन चुकूनही फिरू नये म्हणून इंजिनाचा पट्टा काढून ठेवला. प्रसेनजितनं पन्हळ उचलून खळ्यात आणली आणि थ्रेशरच्या तोंडाला लावली. आता बोल्टाचं एक असतं, त्याला दोन हात लागतात. एकानं आतून डोकं धरायचं, दुसऱ्यानं बाहेरून नट आवळायचा.

“आत्या, आतून मी धरतो,” प्रसेनजित म्हणाला.

“तू पन्हळ सोडू नको. लिलाबाई, पाना घे.”

मी डावा हात थ्रेशरच्या तोंडात घातला. आत अजून गरम होतं, सोयाबीनचा वास होता. दात हाताला लागले. मी त्यांना शिव्या दिल्या, मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. मग पहिला बोल्ट धरला. लिलाबाईनं आवळला. मग दुसरा, तिसरा, चौथा.

पाच वाजून गेले. वाचनालयाच्या कुलुपाची किल्ली माझ्या कमरेलाच होती, त्यामुळे पाहुणे खळ्यातच आले. प्रकाशन राहूनच गेलं. हेमसिंगनं पट्टा चढवला आणि इंजिन चालू केलं.

काम खरंच हळू चाललं होतं. लिलाबाई पन्हळीत कवळ टाकायची आणि पुढं ढकलायची. हात खांद्यापर्यंत आत जायचा आणि तिथंच अडायचा. पुढं दातांपर्यंत चांगली वीतभर जागा मोकळी राहायची. तिच्या अंगात नवऱ्याचा जुना शर्ट होता. मनगटाची गुंडी तुटली होती, आणि बाही त्या मोकळ्या जागेत नुसती लोंबत होती, दातांपर्यंत पोचत नव्हती.